डोक्यात बसवलेलं सिमेंट वर्षांनी त्रास का देतं?

नाशिक-पुणे रस्ता असो, मुंबई-आग्रा महामार्ग असो की पेठ-सुरगाण्याकडचे घाट, दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागलेला माणूस बहुतेक वेळा नाशिकमधल्याच एखाद्या आयसीयूत येतो. 2021 मध्ये शहरात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम झाली तेव्हा हेल्मेटवर भरपूर चर्चा झाली. जीव वाचल्यावर काही महिन्यांनी त्याच कुटुंबापुढे जो दुसरा निर्णय येऊन उभा राहतो, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, ‘कवटीचा खळगा बंद करावा लागेल, सिमेंट बसवू.’ नातेवाईक मान हलवतात, सही करतात.

पुढे तीन-चार वर्षांनी एखाद्याच्या टाक्यांच्या जागी बारीक फोड येतो. त्यातून पाणी येतं. गावातले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, फोड सुकतो, महिन्याभराने पुन्हा वर येतो. या फोडाचं मूळ आतल्या सिमेंटमध्ये असू शकतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नसतं. कधी कधी गावातल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, कारण आत काय बसवलंय हे रुग्णाला सांगता येत नाही.

हाड मुळात काढतात कशासाठी?

मार लागला की मेंदूला सूज येते. पायाला सूज आली तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही. आतला दाब वाढत गेला तर मेंदूला रक्त पोचेनासं होतं. म्हणून सर्जन कवटीच्या एका बाजूचं हाड, मोठ्या माणसात साधारण 12 ते 15 सेंटिमीटरचा तुकडा, काढून ठेवतात आणि वरून फक्त कातडी शिवतात. सूज ओसरली की त्या जागी खळगा पडतो. काही रुग्णांना या खळग्यामुळेच डोकेदुखी, चक्कर, सुस्ती, हातापायात कमजोरी असे त्रास होतात आणि खळगा बंद केल्यावर ते कमी होतात. तेव्हा हे ऑपरेशन केवळ दिसण्यासाठी असतं असं समजू नये. डॉक्टरांच्या कागदांवर त्याचं नाव ‘क्रेनिओप्लास्टी’ असतं. मी पुढे ‘कवटी बंद करणं’ एवढंच म्हणेन.

‘सर, तेच हाड परत नाही का बसवता येणार?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, आणि तो रास्त आहे. स्वतःचं हाड हीच सहसा पहिली पसंती असते. काढलेलं हाड उणे 70-80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात, किंवा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून देतात. ‘हाड पोटात ठेवलंय’ हे ऐकून घाबरायचं कारण नाही, ती जुनी आणि माहितीतली पद्धत आहे. अडचण येते ती हाडाचे तुकडे-तुकडे झाले असतील, त्यात गाठ शिरली असेल किंवा पू झाला असेल तेव्हा. शिवाय परत बसवलेलं हाड काही जणांत हळूहळू विरघळून पातळ होतं, लहान मुलांत तर जास्तच. मग कृत्रिम पर्याय शोधावा लागतो.

सिमेंट म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याला ‘बोन सिमेंट’ म्हणतात, त्यात दोन वेगळे पदार्थ येतात. त्यांची गल्लत झाली की पुढचं काहीच कळत नाही.

पहिलं आहे ॲक्रिलिक सिमेंट. पूर्ण नाव पॉलिमिथाइल मिथाक्रिलेट, कागदावर ‘पीएमएमए’. दातांच्या कवळीचा गुलाबी भाग याच कुळातला, ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रेही याचेच. 1940च्या दशकापासून कवटीसाठी ते वापरात आहे. एक पावडर आणि एक उग्र वासाचं द्रव असतं. दोन्ही कालवले की काही मिनिटांत कणकेच्या गोळ्याइतकं घट्ट होतं आणि नंतर पक्कं कडक. स्वस्त आहे, मजबूत आहे, हवा तो आकार घेतं. शरीर त्याला कधीच आपलंसं करत नाही, तो आत राहिलेला प्लास्टिकचा तुकडाच असतो.

दुसरं कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट. आपल्या हाडातलं खनिज ज्या जातीचं, त्याच जातीचा हा पदार्थ. 1980च्या दशकात अमेरिकेत दातांवर संशोधन करणाऱ्या ब्राउन आणि चाऊ यांनी तो शोधला आणि 1996 मध्ये तिथे कवटीसाठी वापरायला मान्यता मिळाली. कालवताना फारसा तापत नाही, हाडाला चिकटून बसतो, पण ठिसूळ असतो. सुरुवातीला डॉक्टरांमध्ये याबद्दल फार उत्साह होता. हळूहळू याच्या जागी रुग्णाचं स्वतःचं हाड तयार होईल, अशी आशा होती. मोठ्या, जाड भरावात ती फारशी खरी ठरली नाही. कडेकडेने थोडं हाड शिरतं, मधला गाभा वर्षानुवर्षं तसाच राहतो. रुग्णांना दीर्घकाळ तपासत गेल्यावर उशिराचे जंतुसंसर्ग आणि तुटलेले भराव दिसू लागले, तेव्हा अनेक सर्जननी त्याचा वापर लहान, कोरड्या, वरवरच्या जागांपुरता आणला.

रक्त पोचत नाही, तिथे औषधही पोचत नाही

जिवंत हाडात रक्तवाहिन्या असतात. हाडाला तडा गेला तर ते सांधतं, जंतू शिरले तर पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, घेतलेली गोळी रक्तातून तिथवर जाते. सिमेंटच्या आत रक्ताचा थेंब जात नाही. गुंतागुंतीची यादी लांबलचक वाटली तरी तिचा बराचसा भाग या एका गोष्टीतून निघतो.

सगळ्यात मोठा त्रास जंतुसंसर्गाचा. घरातली पाण्याची टाकी बरेच दिवस घासली नाही तर आतून बुळबुळीत थर धरतो. पाण्याने खळखळून धुतलं तरी तो निघत नाही, हाताने खरवडावाच लागतो. कृत्रिम वस्तूच्या पृष्ठभागावर जंतू अगदी असाच थर करून राहतात. डॉक्टर त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. थराच्या आतल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक पुरेसं पोचत नाही. गोळ्यांनी बाहेर पडलेले जंतू मरतात, पू थांबतो, जखम सुकते. थर जागेवरच असतो. औषध संपलं की पुन्हा पहिल्यापासून. फोड सुकतो आणि परत येतो, त्याचं कोडं हे असं आहे. त्यात गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांचा हलगर्जीपणाच असतो असं नाही.

यात एक जंतू फार चकवतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस त्याचं नाव. आपल्या सगळ्यांच्या डोक्याच्या कातडीत, केसांच्या मुळाशी तो राहतो. इतक्या सावकाश वाढतो की ताप येत नाही, रक्ताच्या तपासण्याही कधी कधी ठीक दिसतात. पू तपासायला पाठवला आणि दोन-तीन दिवसांत ‘जंतू आढळले नाहीत’ असा रिपोर्ट आला, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. हा जंतू प्रयोगशाळेत उगवायला दहा-चौदा दिवसही लागतात. आत सिमेंट आहे, नमुना जास्त दिवस ठेवा, असं लॅबला आधी सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर आत सिमेंट आहे हे सांगणाऱ्याला माहीत हवं.

एकदा थर पक्का बसला की बहुतेक वेळा सिमेंट काढावंच लागतं. मग काही आठवडे अँटिबायोटिक, मग काही महिने थांबणं, आणि मगच नवा पर्याय. तोवर रुग्ण पुन्हा खळगा घेऊन हिंडतो. दरम्यान डोक्याची कातडी आक्रसते, पुढचं ऑपरेशन आणखी अवघड होतं आणि प्लास्टिक सर्जनची मदत लागते. कवटी बंद करण्याच्या ऑपरेशनांत, कोणताही पदार्थ वापरला तरी, लहान-मोठी सगळी गुंतागुंत धरून प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत 10 ते 40 टक्क्यांपर्यंत दिसतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी हे बरंच जास्त आहे. सही करण्याआधी घरच्यांना हा आकडा कळायलाच हवा असं मला वाटतं.

उष्णता, धूप आणि तडे

ॲक्रिलिक सिमेंट घट्ट होताना तापतं. जाड गोळ्याच्या आत तापमान 70 अंशांच्या पुढे जाऊ शकतं, आणि हाडाला 47 अंश एक मिनिटभर जरी लागले तरी इजा होते. खाली मेंदूचं आवरण असतं. म्हणून सर्जन मध्ये ओली पट्टी ठेवतात आणि थंड सलाइनची धार सोडत राहतात. याहून चांगला मार्ग म्हणजे सिटी स्कॅनवरून संगणकावर आकार काढायचा, साचा करायचा, सिमेंट त्या साच्यात शरीराबाहेरच ओतून घट्ट करायचं आणि तयार तुकडा बसवायचा. उष्णता बाहेरच निघून जाते, उग्र द्रवाचा अंशही कमी उरतो आणि कपाळाची गोलाई दुसऱ्या बाजूशी जुळते. भारतात हे होतं, कारण ऐन मापाच्या महागड्या तयार प्लेटपेक्षा ते स्वस्त पडतं. ऑपरेशन ठरवून करायचं असेल, घाई नसेल, तर ‘साच्यातून करता येईल का’ हे विचारून पाहावं.

त्या द्रवाची काहींना ॲलर्जी असते. कवळीमुळे तोंडात पुरळ आलं असेल, पार्लरमध्ये कृत्रिम नखं लावून बोटं सुजली असतील, तर ते सर्जनना आवर्जून सांगा. नखांच्या त्या जेलमध्येही याच कुळातली रसायनं असतात.

कॅल्शियम सिमेंटची अडचण वेगळी. घट्ट होईपर्यंत त्याला कोरडी आणि स्थिर जागा लागते. कवटीतलं हाड आरपार गेलेलं असेल तर दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. मेंदू प्रत्येक ठोक्याबरोबर हलतो, त्यामुळे भराव घट्ट होता होताच त्यात बारीक तडे जातात. रक्त किंवा मेंदूभोवतीचं पाणी झिरपलं तर तो धुपतो. नंतर डोकं कपाटाच्या दाराला आपटल्याचं निमित्त होतं आणि आतले तुकडे सुटे होतात. त्यांच्याभोवती पाणी साठतं, कातडी लाल होते. पू नसतानाही हे होऊ शकतं.

ओलाव्याचा सगळ्यात भयंकर अनुभव 1990च्या दशकात युरोपात आला. कानामागच्या ऑपरेशनमध्ये ॲल्युमिनियम असलेलं एक सिमेंट वापरलं गेलं. मेंदूभोवतीच्या पाण्याच्या संपर्कात आल्यावर त्यातून ॲल्युमिनियम सुटलं, रुग्णांना झटके आले, त्यात मृत्यूही झाले. आज वापरात असलेली वर सांगितलेली दोन सिमेंटं त्यातली नाहीत. पण ‘शरीराला अपाय न करणारा पदार्थ’ असं लेबल वाचताना तो कुठल्या जागी अपाय करत नाही, हा प्रश्न तेव्हापासून विचारावाच लागतो.

कपाळ आणि चेहऱ्याची गोष्ट वेगळी

भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात, हवेच्या पोकळ्या असतात. त्या नाकात उघडतात, म्हणजे जंतूंना तिथे येण्या-जाण्याची वाट कायमचीच असते. हेल्मेटविना समोरून आपटलेल्या माणसाची ही पोकळी बऱ्याचदा फुटते. फुटलेली पोकळी नीट बंद न करता वर सिमेंट भरलं, तर ते संसर्गाला आमंत्रण ठरतं. आधी पोकळीचं अस्तर काढून, नाकाकडची वाट बुजवून, मध्ये जिवंत ऊतीचा पदर घालावा लागतो. वर्षांनंतर तिथे चिकट द्रवाची गाठ फुगून डोळा खाली ढकलल्याचीही उदाहरणं असतात. कपाळावर सिमेंट बसवलं असेल आणि सर्दीनंतर भुवईवर सूज येत असेल, तर ती नुसती सर्दी समजू नका.

2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने आपल्या जिल्ह्यातही किती जणांचा वरचा जबडा आणि डोळा नेला, हे ती वॉर्डं पाहिलेल्यांना सांगायला नको. ‘गालाचा खड्डा सिमेंटने भरता येईल का’ असं त्यांचे नातेवाईक विचारतात. नाक आणि तोंड जिथे उघडं पडलं आहे, तिथे सिमेंटचा भराव टिकायचा नाही. पायाच्या बारीक हाडाचा तुकडा रक्तवाहिनीसकट आणून जोडणं, किंवा काढता-घालता येणारा कृत्रिम जबडा, हे तिथले मार्ग आहेत. लांबचे वाटले तरी तेच धरावेत.

‘गुडघ्यात तर हेच सिमेंट वीस वर्षं टिकतं!’

बरोबर आहे. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांना धरून ठेवायला ॲक्रिलिक सिमेंट अनेक दशकं वापरात आहे आणि तिथे त्याचं काम उत्तम आहे. पण तिथे ते हाडाच्या आत, वर स्नायूंचा जाड थर असलेल्या जागी बसतं. डोक्यावर सिमेंट आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये फक्त कातडी असते. आधीच दोन-तीनदा कापलेली, कधी रेडिएशन घेतलेली, म्हणजे रक्तपुरवठा घटलेली कातडी. ती पातळ होत गेली की एके दिवशी खालचा पदार्थ उघडा पडतो. मधुमेह ताब्यात नसेल, तंबाखू-विडी सुटली नसेल, तर हे लवकर होतं, कारण निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

‘अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट घेतलं तर?’

उपयोग होतो, मर्यादित होतो. औषध सुरुवातीच्या दिवसांत भरपूर झिरपतं, मग झपाट्याने कमी होतं. ऑपरेशनच्या वेळी शिरलेल्या जंतूंवर ते काम करतं. चार वर्षांनी झिजलेल्या कातडीतून आत येणाऱ्या जंतूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

‘सरकारी मान्यता आहे, मग भीती कशाची?’

मान्यता एका ठराविक कामासाठी असते. अमेरिकेत सिंथेस कंपनीच्या समूहाने एक कॅल्शियम सिमेंट, ज्याच्या लेबलवरच मणक्यात वापरू नये असा इशारा होता, मणक्यांच्या ऑपरेशनसाठी पुढे केलं. तीन रुग्ण टेबलावरच दगावले. 2010 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि 2011 मध्ये चार अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. पदार्थ हाडासाठी मान्य होता, जागा चुकीची होती. आपल्याकडेही 2017चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, पण ‘माझ्या रुग्णाच्या या जागेसाठी हे योग्य आहे का’ याचं उत्तर शिक्का देत नाही, सर्जननी द्यायचं असतं.

‘मग टायटॅनियमच घालू ना?’

टायटॅनियमची जाळी मजबूत असते, तिच्यात जंतूंचा थर तुलनेने कमी धरतो असं अनेकांचं मत आहे, पण तिच्यावरचीही कातडी झिजते आणि जाळीची कड बाहेर येते. ‘पीक’ नावाच्या कठीण प्लास्टिकची ऐन मापाची प्लेट छान बसते, महाग पडते, आणि जंतुसंसर्ग तिलाही चुकत नाही. लहान मुलांत कुठलाच कृत्रिम पदार्थ कवटीबरोबर वाढत नाही, म्हणून तिथे शक्य तितकं स्वतःचंच हाड वापरायचा प्रयत्न असतो. अगदी तान्ह्या बाळांत छोटी फट आपोआपही भरून येते. एमआरआयची भीती मात्र काढून टाका. ॲक्रिलिक आणि पीक धातू नाहीत, टायटॅनियमही चुंबकाला ओढलं जात नाही. तपासणीआधी आत काय आहे एवढं सांगायचं. पैशाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी त्यांना भेटावं.

गावी परतल्यावर

टाके काढले की सुरगाणा, कळवण, येवल्याकडचा माणूस शेतात लागतो, नाशिकची खेप म्हणजे मजुरी बुडते. म्हणून घरच्यांनीच लक्ष ठेवायचं. व्रणाजवळ परत परत येणारा फोड, पाणी किंवा पू, कातडी लाल किंवा चकचकीत पातळ होणं, दाबल्यावर आत काही हलल्यासारखं वाटणं, अचानक आलेली मऊ सूज. यातलं काहीही, ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी, नुसत्या मलमावर सोडू नये. फोड घरी दाबून फोडू नये. शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी पूचा नमुना घेतला जावा. ताप, झटका, गुंगी किंवा व्रणातून स्वच्छ पाण्याची धार असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे.

आणि कागद. सिमेंटच्या किंवा प्लेटच्या पाकिटावर नाव, बॅच नंबर आणि मुदत असलेलं स्टिकर असतं. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून द्यायला सांगा, त्याचा मोबाईलवर फोटो काढून दोन जणांकडे ठेवा. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून प्रत मागता येते. तेही जमलं नाही तर नवीन सिटी स्कॅनवर धातू, ॲक्रिलिक आणि कॅल्शियमचा भराव वेगवेगळे दिसतात, त्यावरून सर्जन आतला पदार्थ ओळखू शकतात. कोणत्या बॅचचं, कधी आणि किती जाड भरलं, पोकळी बंद केली होती का, हे मात्र स्कॅन सांगत नाही. ते ऑपरेशनच्या नोंदीतच असतं, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी.